रविवारी फोन का उचलला नाही

प्रिय आई, बाबा,

फोनवर बोलायला गेलं की आई रडते, बाबा बरं बरं म्हणत फोन आईकडे देतात आणि मी भलतंच काहीतरी बोलून बसते, म्हणून सरळ लिहितेय. मोठं झालंय. आई, तू बाबांना मोठ्याने वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नकोस, दादाच्या त्या पत्राच्या वेळी तू काय केलं होतंस ते माझ्या चांगलं लक्षात आहे.

रविवारी तुझे नऊ मिस्ड कॉल होते. मी ते बघितले दुपारी एकला. तोवर बाबांना चक्कर येऊन गेली होती, खालचे काका येऊन गेले होते, डॉक्टरांकडे जाऊन परतही आला होतात, आणि सगळं तू एकटीने निभावलंस. माझा फोन सायलेंट करून बॅगेत, बॅग वीस पावलांवर, आणि मी ओल्या वाळूत पोटावर झोपून पाखरांचे फोटो काढत होते. असं लिहून बघितल्यावर फारच वाईट दिसतं. आहेच वाईट. चार दिवस झाले, मला रात्री ते नऊ आकडे दिसतात.

पण सायलेंट का केला होता ते तरी ऐका. आम्ही तिघं गेलो होतो (एकटी नव्हते, आई), सातला पोचलो, भरती सव्वाअकराची होती. ओहोटीला हे किनाऱ्यावरचे पक्षी पार लांब चिखलात असतात, नुसते ठिपके. पाणी चढायला लागलं की ते कडेकडेने सरकत किनाऱ्याकडे येतात आणि शेवटी उरलेल्या एवढ्याशा पट्ट्यावर सगळे दाटीवाटीने विसावतात. आपण त्यांच्या मागे जायचं नसतं, आधी जाऊन पडून राहायचं, ऊन पाठीशी घ्यायचं आणि हलायचं नाही. आणि ती पाखरं आलेली असतात हजारो किलोमीटर उडून, बरीचशी तर थेट सायबेरियाच्या उत्तर टोकाकडून. त्यांना उगाच उडवणं म्हणजे रात्रपाळी करून आलेल्या माणसाला गदागदा हलवून उठवणं. बाबा सकाळी येऊन झोपायचे तेव्हा तू आमच्यावर कशी डोळे वटारायचीस, मी आणि दादा दुपारपर्यंत खाणाखुणांनी भांडायचो, आठवतं? तेच. म्हणून फोन सायलेंट होता. ही सबब नाहीये, म्हणजे आहे थोडी.

आणि दुसऱ्या रविवारी जायचं असतं असं म्हणशील तर तेही सांगते. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच येतं, त्यात उन्हं चढली की वाळूवरची हवा अशी थरथरते की कितीही भारी लेन्स लावा, फोटो पाण्यातून काढल्यासारखा येतो. सुट्टी, उधाण आणि सकाळचा उजेड तिन्ही जुळायला कधीकधी महिना जातो.

आई, तुला एक गंमत सांगायची राहिलीये. टिलवे म्हणून असतात, चिमणीएवढेच, ते चिखलात चोच मारतात ती थेट तुझ्या मशीनसारखी. खटखटखटखट एका रेषेत पुढे, मग जरा थांबून कापड फिरवल्यासारखं वळायचं की पुन्हा खटखट. मी लेन्समधून बघत होते आणि कानात तुझ्या मशीनचा आवाज, मी खाली पायडलपाशी चिंध्यांत झोपलेली. चिखल्यांचं तसं नसतं, ते चार पावलं धावतात, खांबासारखे थांबतात, टोचतात, परत धावतात. त्यांचे डोळे मोठे, ते बघून टिपतात, टिलवे चोचीने चाचपतात. म्हणजे रंग कळायच्या आधीच नुसत्या चालीवरून निम्मी ओळख पटते, जसं जिन्यात पाऊल वाजलं की तू सांगायचीस कोण आलंय.

एक सँडरलिंग माझ्यापासून दहा फुटांवर आला. पांढराफटक, काळे पाय, लाट मागे गेली की तिच्यामागे धावायचं, लाट आली की पळत परत, दमत नाही का रे बाबा तू. फोटो मोठा करून बघितला तर पायाला तीनच बोटं, मागचं बोटच नाही. मला वाटलं तुटलंय बिचाऱ्याचं. सोबतच्यांनी सांगितलं, सँडरलिंगला मागचं बोट नसतंच, ती त्याची ओळखच आहे. चोचीच्या बुडाशी वाळूचे चार कण चिकटले होते तेसुद्धा दिसतात, तो फोटो सोबत पाठवतेय.

बाबा, तुमचं 'सहा फरक ओळखा' इथे कामाला येतं. रविवारच्या पुरवणीतलं ते चित्र तुम्ही उत्तरं दुमडून द्यायचात आणि सहावा फरक सापडल्याशिवाय उठू द्यायचा नाहीत. डनलिन आणि कर्ल्यू सँडपायपर हिवाळ्यात असेच, दोघं करडे, दोघांच्या चोची खाली वाकलेल्या. कर्ल्यूची जरा लांब, पाय जरा उंच, पण 'जरा' म्हणजे किती ते एकटा पक्षी समोर असला की कळत नाही. अर्धा तास मी डनलिन डनलिन करत होते. मग तो उडाला, मी शटर दोन हजारावर ठेवला होता, आणि एका फ्रेममध्ये शेपटीच्या वरचा भाग लख्ख पांढरा आला. डनलिनला तिथे मधून काळी पट्टी असते. कर्ल्यू सँडपायपर! मी तोंडावर हात दाबून ओरडले. घड्याळात दहाला पाच कमी होती. नंतर मी तुझे कॉल लावून बघितले आई, तिसरा कॉल नऊ छप्पनचा होता.

तर आता मुख्य. मी राजीनामा दिलाय. मागच्याच महिन्यात दिलाय, दादाला माहीत आहे, त्याला ओरडू नका, मीच शपथ घातली होती. पुढच्या एक तारखेपासून सहा महिने मी किनाऱ्यावरच राहणार आहे, या पक्ष्यांच्या मोजणीचं काम आहे. दर उधाणाला विसाव्याच्या जागी जाऊन मोजायचे, फोटो काढायचे, कुणाच्या पायात रंगीत पट्टी असली तर तिचा रंग आणि त्यावरची अक्षरं टिपून कळवायची. पैसे कमी आहेत पण आहेत, साठवलेलेही आहेत, विमा चालू आहे, जुन्या ऑफिसात परत येशील का असं त्यांनीच विचारलंय. अचानक सुचलेलं खूळ नाहीये हे, दोन वर्षं डोक्यात आहे, आणि शरीर साथ देतंय तोवरच होणारं काम आहे, पन्नाशीत मी चिखलात लोळणार नाही.

मोजायचे कशाला, तर जागा संपत चालल्यात म्हणून. दक्षिण कोरियात सेमांगुम इथे 33 किलोमीटरची भिंत घालून समुद्र अडवला, 2006 मध्ये तिची शेवटची फट बुजवली. तिथल्या चिखलावर ग्रेट नॉट नावाचे पक्षी हजारोंनी उतरायचे, ते नंतर फार कमी झाले. वाटेतलं एक धर्मशाळेसारखं ठिकाण गेलं तर पुढचा सगळा प्रवासच कोलमडतो. कुठे किती उतरतात हे कागदावर असेल तर निदान भांडता तरी येतं.

आणि बाबा, धाडस म्हणाल तर माझं काहीच नाही. 2022 मध्ये गॉडविट जातीचा एक पक्षी, जेमतेम पाच महिन्यांचं पोर, अलास्काहून निघालं ते अकरा दिवस न थांबता उडत टास्मानियाला उतरलं, 13,560 किलोमीटर. खाणं नाही, पिणं नाही, टेकणं नाही. पाठीवर ट्रान्समीटर होता म्हणून कळलं. त्या कर्ल्यू सँडपायपरमध्ये तर नर अंडी उबवायलाही थांबत नाहीत, आधीच निघतात, मग माद्या जातात, आणि पिल्लं शेवटी आपली आपण येतात, कुणी वाट दाखवायला नसताना.

हे वाचून आई म्हणेल, म्हणजे आम्ही आधी जाणार असं म्हणायचंय का तुला. नाही गं. मला म्हणायचं होतं की पिल्लांना येतं सगळं. उदाहरण चुकलं. पुसणार होते, पण तू गाळू नकोस म्हणून वर लिहिल्यावर मी कसं गाळू.

त्यापेक्षा बी 95 चं ऐका. तो रेड नॉट जातीचा पक्षी, बी 95 ही त्याच्या पायातल्या पट्टीवरची अक्षरं. 1995 मध्ये अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला त्याच्या पायात पहिली पट्टी अडकवली तेव्हाच दोन वर्षांचा तरी होता, आणि 2014 मध्येही लोकांनी त्याला बघितलं. दरवर्षी खालून वर कॅनडाच्या बर्फापर्यंत आणि परत, सगळं मिळून चंद्राच्या अंतराहून जास्त उडला. म्हातारा होता, पण ठरलेल्या ठिकाणी उतरून पोटभर खाऊन, विश्रांती घेऊन मगच पुढे जायचा. गोळी चुकवून, उपाशीपोटी माळ्यावर चढून खोकी काढत नव्हता. बाबा, तुम्हालाच म्हणतेय.

माझी सोय उत्तम आहे. खोली पहिल्या मजल्यावर, दाराला आतून दोन कड्या, पंखा, मच्छरदाणी, चोवीस तास पाणी. जेवण वेळेवर आणि गरम. शेजारच्या खोलीत आमच्यातल्याच दोघी. टोपी मोठी घेतलीये, मानेवर फडकं येणारी, पूर्ण बाह्यांचे शर्ट आहेत, क्रीम लावते, हो लावते. पाय चिखलात गुडघ्यापर्यंत रुतला होता तो एकदाच, आणि तोही मी लोकांनी सांगितलेल्या वाटेवरून गेले नाही म्हणून, दोघांनी ओढून काढलं, फक्त एक बूट गेला. आता काठी घेऊन जाते. बघ, हेसुद्धा सांगून टाकलं.

आता तुम्ही ऐकायचं. बाबांनी सकाळी जाग आल्या आल्या ताडकन उठायचं नाही, दोन मिनिटं पलंगाच्या कडेवर बसायचं, मग उभं राहायचं. बीपीच्या गोळीचा डबा वारांचा आणलाय तो वापरायचा, तो शोभेचा नाहीये. बाथरूममध्ये धरायला दांडा या आठवड्यात बसला पाहिजे, दादा माणूस पाठवतोय, त्याला आई 'नंतर या' म्हणून परत पाठवणार नाही. आणि डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, ते तुम्ही तीन वर्षं ढकलताय, आता तारीख घ्यायची, मी त्या आठवड्यात येणार आहे, तसं तिथे आधीच सांगून ठेवलंय. आई, तुझ्या गुडघ्याबद्दल मी काही बोलत नाही कारण तू ऐकत नाहीस, तरी जिना दिवसातून एकदाच.

मनगटावरचं घड्याळ घेतलंय, फोन आला की ते नुसतं थरथरतं, पाखरांना आवाज जात नाही आणि मला कळतं. तुम्हा दोघांचे आणि दादाचा, तीनच नंबर त्यात घातलेत. काल रात्री तू फोन केलास ना, ती मी तुला सांगून घेतलेली परीक्षा होती. काही झालं तर आधी खालचे काका, मग दादा, मग मी, रेंज कधी जाते म्हणून मी तिसरी, मनात तिसरी नाही.

सोबत आणखी दोन फोटो आहेत. दोन्ही सँड प्लोव्हर, म्हणजे चिखल्यांतलेच, एक लेसर, एक ग्रेटर. बाबा, कुठला कुठला ते सांगा. चोचीच्या बुडापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत अंतर बघायचं आणि ते चोचीच्या लांबीशी ताडायचं, ग्रेटरची चोच त्याहून लांब भरते. पाय पण बघा. उजव्या डोळ्याने बघा, डाव्याने तुम्हाला दोन्ही एकच दिसतील. उत्तर दुमडून ठेवलंय, दादाकडे आहे, मागायचं नाही. आईलाही बघू द्या, तिला तुमच्याआधी सापडेल.

तुमची,
चिमी

ता.क. बूट जुनाच होता गं.