हरळीला वावर देणाऱ्या काकाजींस

आदरणीय काकाजी,

सादर नमस्कार.

आपले नाव कुठेही लिहू नये असे आपण बजावले आहे, म्हणून ते टाळून हे पत्र लिहितो आहे. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या भागात अडीच एकर काळ्या वावरात हरळीचे गवत लावून खेळाचे मैदान कोणी केले हे तसेही सर्वांना ठाऊक आहे. आपल्या घरी येऊन दोन शब्द बोलण्याचा प्रयत्न मी तीनदा केला, आणि तिन्ही वेळा आपण चहा पाजून विषय पेरणीवर नेलात. म्हणून आमच्या रग्बी क्लबच्या सर्व मुलामुलींच्या वतीने हे चारचौघांसमोर मांडतो.

आमच्यापैकी दोघे अमरावतीला शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम करून परतले आणि येताना लांबट आकाराचा एक चेंडू घेऊन आले, तेव्हा गावात या खेळाचे नावही कोणी ऐकले नव्हते. कबड्डी आणि आट्यापाट्या खेळलेल्या पोरांना धरपकड नवी नव्हती. नवे होते ते एवढेच, की चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही. पुढे जायचे ते पळत, आणि चेंडू द्यायचा तो बाजूच्या किंवा मागच्या गड्याला. ही गोष्ट अंगवळणी पडायला आम्हाला महिना लागला. मैदान मात्र नव्हते. गावाबाहेरच्या ज्या मुरमाच्या पटांगणावर आम्ही सुरुवात केली तिथे प्रत्येक पकडीनंतर कोपर आणि गुडघे सोलून निघत, एका मुलाचे मनगट तिथेच मोडले, आणि त्यानंतर त्या पटांगणाच्या फाटकाला कुलूप लागले. कुलूप लावणाऱ्यांना मी दोष देत नाही. मुरमावर खेळण्याचा हा खेळच नाही.

त्या काळात आपण एके दिवशी पारावर मला थांबवून विचारले होते, की या खेळाला जागा लागते तरी किती. लांबी १०० मीटर आणि रुंदी ७० मीटर, असे मी सांगितले. आपण क्षणभर बोटांवर हिशेब केलात आणि म्हणालात, म्हणजे पावणेदोन एकर. मग गोलरेषेच्या मागे चेंडू टेकवायला आणखी जागा लागते हे ऐकून आपण ती धरलीत, खेळाडू धावत बाहेर जातील म्हणून चारही बाजूंनी मोकळी पट्टी धरलीत, आणि अडीच एकरांवर येऊन थांबलात. आपल्याकडे एकूण सात एकर. २०२४ च्या मृगाआधीची ही गोष्ट. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. कोरडवाहू वावरात एकरी पाच क्विंटल धरले तरी खर्च वजा न करता नव्वद हजारांच्या पुढचे पीक आपण आमच्या पायाखाली घातले. हा हिशेब आपण कधी बोलून दाखवला नाही. मी तो आज मुद्दाम लिहितो आहे, कारण ‘पोरांना खेळायला जागा दिली’ एवढ्या चार शब्दांत तो दडून जातो.

पण जागेपेक्षाही मोठी गोष्ट हरळीची आहे, आणि ती शेतकऱ्याशिवाय कोणाला पुरती कळणार नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षे हरळी खणून काढली, उन्हात वाळवली, धुऱ्यावर जाळली, आणि एक पेर राहिले तरी पहिल्या पावसात पुन्हा फुटते म्हणून मजुरांच्या मागे फिरून मुळ्या वेचल्या, त्याच माणसाने आपल्या सर्वांत चांगल्या तुकड्यात हरळी लावायची असे ठरवले. खेळाच्या मैदानाला ज्या गवताची देशोदेशी निवड होते, ते आपल्या धुऱ्यावर फुकट वाढणारे गवत आहे, हे आम्ही सांगितले तेव्हा आपण ते एका झटक्यात मान्य केले नाही. दोन दिवस घेतलेत. तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर वावरात होता. नांगरणी, वखराच्या दोन पाळ्या, ढेकळे फोडणे, सऱ्या पाडणे, सगळे आपल्या नजरेखाली झाले. शेजारच्या शेतकऱ्यांनी तर हरळी पोत्यांनी दिली, त्यांना ती नकोच होती. विळ्याने तुकडे करून, प्रत्येक तुकड्याला दोन-तीन पेरे ठेवून, वीतभर अंतरावर ते कसे दाबायचे हे आपण वाकून दाखवलेत. आपला हात मात्र पहिला तुकडा मातीत टेकवताना थबकला होता. तो क्षण मी पाहिला आहे, काकाजी, आणि तो मी विसरणार नाही.

त्या वर्षी पावसाने साथ दिली आणि दसऱ्यानंतर वावर हिरवे झाले. मातीचे सगळे ज्ञान आपले होते, आम्ही केवळ पळणारे. काळी माती भिजली की फुगते आणि बुटांना किलो-किलोने चिकटते. वाळली की तिला पाऊल जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्यात घोटा मुरगळतो. म्हणून आपण नियम घातलात, की वाफसा आल्याशिवाय मैदानात कोणी उतरायचे नाही. वाफसा कसा ओळखायचा हेही आपण मुलांना शिकवलेत: मूठभर माती दाबायची, लाडू झाला पाहिजे, आणि तो कमरेएवढ्या उंचीवरून टाकला की फुटला पाहिजे. न फुटता तसाच राहिला तर त्या दिवशी सराव बंद. आजही सरावाआधी कर्णधार हे करून पाहतो. रेघा आखायला आम्ही चुना आणला होता. तो डोळ्यांत आणि कातडीला लागतो, त्यापेक्षा राख घ्या, ही सूचनाही आपलीच.

गोलाचे खांब आपल्याच बांबूच्या बेटातले आहेत. दोन खांबांमध्ये ५.६ मीटर अंतर आणि ३ मीटर उंचीवर आडवा बांबू, हे माप आपण स्वतः फीत धरून तपासलेत. धावत येणारा गडी खांबावर आदळू नये म्हणून त्यांना गादी लागते, असे बोलण्यात निघाले तेव्हा काकूंनी घरातला कवडी कापूस पोत्यांत भरून, दाभणाने टाके घालून, चारही खांबांना आवळून दिला. विकत घेऊन यापेक्षा चांगले काही मिळाले असते असे मला वाटत नाही.

आणि ती एप्रिलची रात्र. शेतीची लाईन त्या आठवड्यात रात्रीची होती. मी दुसऱ्या गावाहून उशिरा परतत होतो, तेव्हा आपल्या वावरात बॅटरीचा उजेड हलताना दिसला म्हणून गाडी थांबवली. आपण एकटेच तुषार संचाचे पाईप खांद्यावर घेऊन एका ओळीतून दुसऱ्या ओळीत नेत होता. विहिरीला पाणी कमी, बाजूला उन्हाळी भुईमूग उभा, आणि त्याच्या वाट्याचे दोन तास आपण गवताला देत होता, कारण मुळी जळाली तर पोरांना पुन्हा पहिल्यापासून लावावी लागेल. त्या रात्रीनंतर पाईप हलवायची पाळी आम्ही आपसांत वाटून घेतली. हे आम्हाला आधीच सुचायला हवे होते, याबद्दल मी सर्वांच्या वतीने क्षमा मागतो.

आमच्या क्लबात कोणाला पैसा मिळत नाही. जगभरात रग्बी युनियन, म्हणजे आम्ही खेळतो तो रग्बीचा प्रकार, १९९५ पर्यंत हौशी खेळाडूंचाच खेळ होता, त्यामुळे त्यात कमीपणा वाटण्याचे कारणही नाही. आपल्याच देशातली एक हकिकत मी आपल्याला सांगितली होती. कोलकात्यात इंग्रजांनी १८७३ साली एक रग्बी क्लब काढला. काही वर्षांत सदस्य घटले, तिथले हवामानही या खेळाला मानवेना, तेव्हा त्यांनी बँकेतले शिल्लक चांदीचे रुपये काढून ते वितळवले आणि त्याचा चषक घडवला, ज्यासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून खेळत आले आहेत. ती ऐकून आपण विचारले होते, की मग त्या मैदानाचे काय झाले? मला उत्तर देता आले नाही. चषकाबद्दल विचारणारे पुष्कळ भेटले आहेत, मैदानाबद्दल विचारणारे आपण पहिलेच.

मुलींच्या बाबतीतही आपले ऋण आहे. खांद्याच्या वर पकड करणे नियमात बसत नाही, पकडीतला गडी खाली पडताना त्याला सांभाळायचे असते, हे आम्ही घरोघरी सांगत होतो. पण आया तयार झाल्या त्या आपण स्वतःच्या नातीला आधी मैदानात उतरवल्यावर. आज सहा मुली नियमित येतात.

डिसेंबरात आमचा पहिला सामना झाला. आमच्याकडे पूर्ण संघाचे पंधरा जण जमतात ते सुट्टीच्या दिवशी, एरवी वेचणीमुळे निम्मे रानात असतात. म्हणून सात-सात जणांचा सामना ठेवला, सात-सात मिनिटांचे दोन डाव. २६ विरुद्ध १२ असे आम्ही हरलो. आमचे दोन ट्राय झाले, वरचे दोन गुण ट्रायनंतरच्या किकचे. या खेळात नुसती रेषा ओलांडून गुण मिळत नाहीत, चेंडू जमिनीला टेकवावा लागतो, तेव्हाच ट्राय होतो आणि पाच गुण मिळतात. पहिला ट्राय करणारा मुलगा उठल्यावर त्याच्या छातीवर हिरवा डाग आणि तळहातावर काळी माती होती, आणि तो सरळ धुऱ्यावर, निंबाखाली बसलेल्या आपल्याकडे पळत आला. आपण त्याचा हात हातात घेऊन पाहिलात. सामना संपल्यावर आपण गुणांबद्दल एक शब्दही विचारला नाहीत. झटापटीत जिथे गवत उखडले होते तिथे जाऊन, उकिडवे बसून, मुळ्या शाबूत आहेत का ते बोटाने चाचपलेत.

काकाजी, या पावसाळ्यात उत्तरेकडच्या धुऱ्याजवळ कुंद्याचे तण फुटले आहे आणि ते आत सरकते आहे, हे आपल्याही नजरेस आले असेलच. कुंद्याची मुळी खोल जाते, ते आपण एकट्याने खणायला घेऊ नये अशी हात जोडून विनंती आहे. रविवारी वाफसा असला तर सकाळी सहा वाजता आम्ही सगळे कुदळी घेऊन येतो. आपण निंबाखाली बसून कुठवर खणायचे तेवढे सांगावे.

आपला नम्र,
क्लबचा सचिव, सर्व खेळाडूंच्या वतीने