अण्णा, पातळ ऑईलबद्दल जरा सविस्तर लिहिते

विनिपेग, कॅनडा, १९ जानेवारी

अण्णा, साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर विषय अर्धाच राहिला. मी गाडीत ०डब्ल्यू-२० घालते म्हटल्यावर तुम्ही म्हणालात "असलं पाण्यासारखं ऑईल घालून इंजिन खाशील" आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवलात, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय. आज सुट्टी आहे म्हणून सगळं नीट टाईप करते, दुपारी गॅरेज रिकामं असेल तेव्हा चष्मा लावून निवांत वाचा.

आधी झालं काय ते सांगते, कारण मागच्या वर्षी मी ते तुमच्यापासून लपवलं होतं, उगीच काळजी कराल म्हणून. गाडी घेतली तेव्हा १ लाख ४० हजार किलोमीटर झालेली होती, होंडा फिट, म्हणजे आपल्याकडची जॅझच, दीड लिटरचं इंजिन. तुमचं नेहमीचं वाक्य डोक्यात होतं की लाखाच्या पुढं गेलेल्या इंजिनला एक नंबर जाड ऑईल घालावं, गॅप वाढलेले असतात. म्हणून मी नोव्हेंबरात १०डब्ल्यू-४० घातलं. डिसेंबर निघून गेला, काही झालं नाही. जानेवारीत एका रात्री उणे ३३ झालं, इंजिनचा हीटर लावायचा पार्किंगमधला आमचा प्लग नेमका त्या रात्री बंद पडला आणि मला पहाटे साडेसहाला ड्युटीला निघायचं होतं. सेल्फ मारला तर नेहमीचा आवाज नाहीच, उं... उं... उं... असा, उसाची भरलेली ट्रॉली चढाला लागल्यासारखा, चौथ्या खेपेला इंजिन पकडलं खरं पण ऑईलचा लाल दिवा जाईना. मी मोजत होते. सात-आठ सेकंद दिवा तसाच आणि वरच्या बाजूनं कोरडी खडखड. लगेच किल्ली फिरवली, इंजिन बंद. लाल दिवा आणि खडखड म्हणजे लोखंडावर लोखंड, हे मी तुमच्या गॅरेजात चाळणीत नटबोल्ट धुताना ऐकलेलं आहे, विसरणार कशी. त्या दिवशी बसनं गेले आणि दिवसभर त्या बेअरिंगांचाच विचार करत होते.

आता कारण. डब्ल्यू म्हणजे विंटर, हे तुम्हाला माहीतच आहे, पण त्या डब्ल्यूच्या आधीच्या आकड्याशी आपल्याकडं कधी कामच पडत नाही, इस्लामपुरात थंडी पडून पडून किती पडणार. इथं सगळा खेळ त्या आकड्याचा. मी एक सोपा हिशोब लक्षात ठेवलाय, त्या आकड्यातून ३५ वजा करायचे. ०डब्ल्यूची सेल्फ मारायची टेस्ट उणे ३५ डिग्रीला होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला, १०डब्ल्यूची उणे २५ ला, आणि आपल्या २०डब्ल्यूची उणे १५ ला. पंपाला ऑईल ओढता येतं का ही टेस्ट वेगळी, ती प्रत्येकाची अजून ५ डिग्री खाली. म्हणजे मी घातलेल्या ऑईलची पंपाची हद्द उणे ३०, आणि बाहेर होतं उणे ३३. इंजिन फिरलं पण ऑईल वर पोचलं नाही, हिशोब तंतोतंत जुळला.

आणि अण्णा, इंजिन फिरणं आणि ऑईल वर चढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला इथंच कळलं. काकवीच्या डब्यात पळी घालून काढली की खड्डा पडतो आणि तो भरून यायला वेळ लागतो बघा, इंजिनखालच्या ऑईलच्या चेंबरमध्ये तसंच होतं, पंपाच्या जाळीजवळचं ऑईल पंप ओढून घेतो, बाजूचं सरकून येत नाही, मग पंप हवा ओढतो. १९८०-८१ च्या हिवाळ्यात इथून खाली अमेरिकेत साऊथ डकोटामधल्या सू फॉल्सला असंच होऊन बरीच इंजिनं गेली होती, ऑईल सेल्फच्या टेस्टला पास झालेलं होतं पण हळूहळू गार होत होत जेलीसारखं बसलं, त्यानंतर पंपाची टेस्ट ऑईल सावकाश गार करून घ्यायला लागले.

जेलीसारखं का बसतं ते आईला विचारा. डिसेंबरात खोबरेलाची बाटली गोठली की ती उन्हात नेऊन ठेवायची ना, तसंच साध्या मिनरल ऑईलमध्ये मेण असतं, थंडीत त्याचे कण धरतात आणि एकमेकांत अडकतात. सिंथेटिकमध्ये ते मेण नसल्यात जमा. म्हणून इथं फुल सिंथेटिकचे पैसे गेले तरी चालतील असं माझं मत झालंय, पाच लिटरचा कॅन मला सेलमध्ये चाळीस डॉलरला पडला आणि फिटला साडेतीन लिटरच्या आसपासच लागतं.

तुमचा विश्वास बसावा म्हणून मी गेल्या आठवड्यात एक केलं. काचेच्या दोन बाटल्या, एकीत ट्रकवाल्या शेजाऱ्याकडून मागून आणलेलं १५डब्ल्यू-४०, दुसरीत माझं ०डब्ल्यू-२०, रात्रभर बाल्कनीत बर्फात रोवून ठेवल्या, सकाळी उणे २९. दोन्ही एकदम आडव्या केल्या. माझं ऑईल पातळ मधासारखं सरळ तोंडापर्यंत आलं. १५डब्ल्यूचा नुसता वरचा पापुद्रा तिरका झाला, आत घेतलेला हवेचा बुडबुडा जागच्या जागी, मी हातमोजे घालून उभी होते तर बोटं गारठली पण तो बुडबुडा काही वर येईना. व्हिडिओ दादाच्या फोनवर पाठवलाय, तो मोठ्या स्क्रीनवर दाखवेल.

पातळ म्हणजे कमजोर, ही तुमची मुख्य शंका. अण्णा, ०डब्ल्यू-२० मधला शून्य म्हणजे जाडपणा शून्य असं नाही हो. हेच ऑईल ४० डिग्रीला, म्हणजे आपल्या मे महिन्यातल्या दुपारी बंद गाडीत जेवढं असेल तेवढ्याला, गरम इंजिनातल्या १०० डिग्रीपेक्षा साधारण पाचपट जाड असतं. म्हणजे गार इंजिनात ऑईल कधीच पातळ पडत नाही, पडलं तर जाडच पडतं. गरम झाल्यावर किती टिकायचं ते दुसरा आकडा सांगतो, तो इंजिन बनवणाऱ्यानं बेअरिंगचे गॅप बघून ठरवलेला असतो आणि माझ्या गाडीच्या बुकात २० लिहिलंय. तरीपण तुमचं म्हणणं मी सोडलेलं नाही. जुन्या इंजिननं ऑईल प्यायला सुरुवात केली तर ०डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-४० सुद्धा मिळतं, गरम झाल्यावर जाड आणि थंडीत तेवढंच धावतं. मी तेव्हा दुसरा आकडा बघितला आणि पहिला विसरले, चूक तिथं झाली. आता दर पंधरा दिवसांनी डिपस्टिक बघते, ऑईल अजिबात कमी होत नाहीये, म्हणून २० वरच आहे.

एक गोष्ट बघून तुम्ही घाबरला असतात. मागच्या महिन्यात ऑईलचं झाकण उघडलं तर आतून पांढरं, ताकावरच्या लोण्यासारखं चिकटलेलं. आपल्याकडं असं दिसलं की तुम्ही लगेच म्हणणार हेड गॅस्केट गेलं, पाणी ऑईलमध्ये येतंय. मीही पहिल्यांदा कूलंटच बघितलं, लेव्हल जागच्या जागी होती, डिपस्टिकवरचं ऑईल स्वच्छ. इथं ड्युटीला जायला मला बारा मिनिटं लागतात, तेवढ्यात ऑईल गरमच होत नाही, आतला दमटपणा झाकणाला धरतो आणि पेट्रोलही थोडं ऑईलमध्ये उतरतं. म्हणून आता रविवारी पेरिमीटर हायवेला गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवून आणते, झाकण पुन्हा स्वच्छ झालं. ऑईल किलोमीटर न बघता वर्षातून दोनदा बदलते, ऑक्टोबरच्या शेवटी आणि एप्रिलमध्ये, जुनं ऑईल कॅनमध्ये भरून इको-सेंटरला नेऊन देते.

फोटोत गाडीच्या पुढच्या जाळीतून लोंबणारी वायर काय ते तुम्ही विचारलं होतं, तो ब्लॉक हीटर. तो कूलंट गरम करतो, म्हणजे ब्लॉक कोमट राहतो, चेंबरातलं ऑईल मात्र त्यानं फारसं तापत नाही. त्यामुळं हीटर आहे म्हणून कुठलंही ऑईल चालेल असं नाही, आणि प्लग बंद पडला की काय होतं ते वर सांगितलंच. थंडीत बॅटरीचा जोरही निम्म्यावर येतो, मग जाड ऑईल फिरवायला लावणं म्हणजे तिच्यावर दुहेरी ओझं.

आता माझी एक विनंती, रागवू नका. तुमच्याकडं नव्या छोट्या पेट्रोल गाड्या येतात त्यांना तुम्ही अजून २०डब्ल्यू-४० घालता असं दादा म्हणाला. मारुती ८०० ला, जुन्या गाड्यांना ते बरोबरच आहे, त्यात मी बोलणार नाही. पण बऱ्याच नव्या गाड्यांच्या बुकात, मारुतीच्यासुद्धा, ०डब्ल्यू-२० नाहीतर ०डब्ल्यू-१६ असतं. तिथं थंडीचं कारण नाही, मायलेजचं आहे आणि व्हॉल्व टायमिंग ऑईलच्या प्रेशरवर चालतं त्याचंही आहे. गिऱ्हाईक तुमच्या शब्दावर डोळे झाकून गाडी सोडून जातं, म्हणून सांगते, ग्लव्ह बॉक्समधलं बुक एकदा काढून बघत जा, आणि वॉरंटीतली गाडी असेल तर नक्कीच.

फिल्टरचं तुम्ही सांगितलेलं मी पाळते, ऑईलबरोबर दरवेळी नवा. उद्या पहाटे उणे ३१ दाखवतंय, टायमर लावलाय, साडेचारला प्लग चालू होईल. ड्युटीवर पोचले की मेसेज करते, आईला सांगा काळजी करत बसू नको.

तुमची लेक