बाईच्या रक्ताला दोष देण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला वारंवार होणाऱ्या गर्भपातावरचा लेख वाचला. आईची प्रतिकारशक्ती गर्भाला परका समजून मारते, असा त्याचा सूर होता. आमच्या गुहागर-चिपळूणकडे सुनेचा गर्भ टिकला नाही की खापर आधी पपईवर, मग तिच्या डोक्यावरच्या हंड्यावर आणि शेवटी देवाच्या राहिलेल्या मानावर फुटते. त्यात आता ‘हिची इम्युनिटीच वाईट’ याची भर नको.

गर्भातला निम्मा वाटा बापाचा, तरी आईचे शरीर तो कसा चालवून घेते, हा प्रश्न ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९५३ साली मांडला. पुढच्या संशोधनाने चित्र बदलले. पहिल्या तिमाहीत गर्भाशयाच्या अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी साधारण ७० टक्के ‘नॅचरल किलर’ जातीच्या असतात. नाव भयंकर, पण वार (प्लॅसेंटा) रुजताना आईच्या रक्तवाहिन्या रुंद करायला त्याच मदत करतात. नियामक टी पेशी बाकीच्यांना आवरून धरतात. आणि सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भाच्याच गुणसूत्रांत बिघाड असतो. तिथे आईची प्रतिकारशक्ती काय करणार?

तरीही हातातून काढलेल्या रक्तात या पेशी मोजून महागडी सलाईन लावणारे आहेत. हातातल्या रक्तावरून गर्भाशयातले कळत नाही. नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचण्याचा उपायही १९९९ मध्ये मोठ्या चाचणीत फोल ठरला. दागिने गहाण टाकून मुंबई-कोल्हापूर गाठणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवे.

एक कारण मात्र खरे आणि उपचार होण्यासारखे आहे, त्याला लेखात जेमतेम एक ओळ मिळाली: अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. यात आईच्या शरीरात स्वतःच्याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, वार नीट रुजत नाही. गर्भ परका वाटण्याचा इथे संबंधच नाही. अशा बायकांवरच्या १९९७ च्या ब्रिटिश चाचणीत नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर ४२ टक्के, तर जोडीला हेपॅरिन (रक्ताच्या गुठळ्या रोखणारे इंजेक्शन) दिल्यावर ७१ टक्के गर्भारपणे सुखरूप पार पडली.

पण आधी निदान व्हायला हवे, आणि आमचे घोडे तिथेच अडते. त्यासाठी या प्रतिपिंडांच्या तीन रक्ततपासण्या लागतात. त्यांपैकी ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट या तपासणीचा नमुना नाजूक. निळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये रक्त घेऊन चार तासांच्या आत ते दोनदा सेंट्रिफ्यूज करायचे (यंत्रात वेगाने फिरवायचे) आणि वेगळा झालेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, गोठवायचा. दुपारच्या एसटीने, उन्हात तापलेल्या डब्यातून गेलेल्या ट्यूबचा रिपोर्ट कसा असेल, हे लॅबमध्ये आयुष्य काढलेल्या मला विचारा! हेपॅरिन सुरू होण्याआधीच रक्त घेतलेले बरे. शिवाय तपासणी पॉझिटिव्ह आली तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करावी लागते, आणि दुसऱ्या खेपेला बायका येतच नाहीत. एकाच रिपोर्टवर कायमचा शिक्का बसतो.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथे ही तपासणी व्हावी, निदान उपजिल्हा रुग्णालयांत प्लाझ्मा गोठवून तसाच गोठलेला पाठवण्याची सोय तरी असावी. दोन-तीनदा गर्भ गेलेल्या बाईला तिथवर पाठवण्याची सूचना आशाताईंनाही द्यावी. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाचे यावर काय म्हणणे आहे, ते आपल्या वार्ताहराने विचारून छापावे, ही विनंती.

– एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, शृंगारतळी, ता. गुहागर