तेव्हा मी मीटिंगमध्ये नव्हते

आई, बाबा,

फोनवर बोलायला गेले की माझा आवाज भरून येतो आणि मग आई घाबरते, म्हणून लिहितेय. बाबा, मंगळवारी सकाळी 11 वाजता तुम्ही दोनदा फोन केलात, मी कट केला आणि 'मीटिंगमध्ये आहे' असं टाकलं. मीटिंग नव्हती. मी कर्वे रोडवर एका कॅफेत बसले होते, आणि तिकडे आई मंडईत चक्कर येऊन खाली बसली होती. संध्याकाळी ताईकडून कळलं. तेव्हापासून झोप नाही.

माझा प्रोजेक्ट मार्चमध्येच संपला. पगार चालू पण काम नाही, याला बेंचवर असणं म्हणतात. बाबा, डेपोत हजेरी लावूनही ज्याला गाडी मिळायची नाही तो दिवसभर बसून राहायचा ना, तसं. फ्लॅटवर थांबलं की मालकीणकाकू विचारतात आज सुट्टी का, म्हणून रोज 10 ला कॅफेत. भिंतीला पाठ लावून बसायचं म्हणजे स्क्रीन कोणाला दिसत नाही, कानात हेडफोन, त्यात काहीच वाजत नसायचं, समोर जुनीच एक्सेल शीट, तेच आकडे खोडायचे, तेच परत टाकायचे. टीम्सवर, म्हणजे ऑफिसच्या चॅटच्या ॲपवर, 5 मिनिटं हात हलला नाही की नावाजवळचा हिरवा ठिपका पिवळा होतो, म्हणून माउस हलवत राहायचं. 180 रुपयांची कॉफी दोन तास पुरवायची, वेटर कप उचलायला आला की दुसरी. खऱ्या कामाने कधी इतकी थकले नव्हते.

बाबा, लहानपणी तुम्ही ड्यूटीवरून आलात की मी तुमचा तिकिटाचा चिमटा घेऊन जुन्या कॅलेंडरला भोकं पाडत बसायचे आणि तुम्ही बूट काढता काढताच झोपून जायचात. त्या माणसाला मी तीन महिने सांगत होते की मी बिझी आहे.

तर मी राजीनामा दिलाय. 1 तारखेला दुसरीकडे जॉइन होतेय. पगार 9 हजारांनी कमी, पण हातात काम असेल, आणि रोज ऑफिसला जायचंय. म्हणजे कराडला येऊन घरून काम करायचं आपलं ठरत होतं ते आत्ता तरी नाही जमणार. आई, तू मागची खोली आवरून पडदेसुद्धा लावलेस, मला माहितीये. ते काढू नकोस. दर दुसऱ्या शनिवारी मी त्याच खोलीत झोपणार आहे. मला यायचं नाहीये असं मनात आणू नका, मला फक्त परत तसं रिकामं बसायचं नाहीये.

माझी काळजी नको. डबा लावलाय, पोळ्या मऊ असतात, आमटी जरा गोड करतात एवढंच. वनाजला मेट्रोत बसले की थेट कल्याणीनगर, पहिलंच स्टेशन त्यामुळे जागा मिळते.

आता ऐका. आईने रिकाम्या पोटी मंडईत जायचं नाही, बीपीची गोळी चुकवायची नाही, गच्चीवर पापड घालायला चढायचं तर अजिबात नाही. बाबा, उद्याच तिला डॉक्टरकडे न्या आणि रिपोर्टचा फोटो पाठवा, 'सगळं ठीक आहे' एवढ्यावर मी ऐकणार नाही. आणि फोन करा, कधीही. नव्या ऑफिसात एखादवेळी खरंच उचलता आला नाही तर दीडला जेवताना मीच करेन.

शनिवारी कोयनेने येतेय. बाबा, स्टेशनवर येऊ नका, गुडघा दुखतो तुमचा, ओगलेवाडीहून मी रिक्षा करेन.

तुमची
चिमी