झडप बदलल्यानंतरचा इको

महोदय,

छाती न उघडता, मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी सरकवून हृदयाची महाधमनी झडप बदलण्याचा उपचार फ्रान्सचे डॉ. अलँ क्रिबिए यांनी २००२ मध्ये प्रथम केला. माझ्या ७८ वर्षांच्या आईवर गेल्या वर्षी पुण्यात तोच झाला. न्हाणीपासून बाजेपर्यंत येताना भिंत धरून दोनदा थांबणारी आई आता अंगणातल्या तुळशीला स्वतः पाणी घालते.

अरुंद झडपेतून रक्त ढकलण्याचा ताण उतरला की अनेक रुग्णांच्या डाव्या कप्प्याची पंपिंग क्षमता सुधारते. मात्र ती आधीच फार खालावलेली असेल किंवा स्नायूत व्रण पडून तो कडक झाला असेल, तर झडप उत्तम बसूनही धोका अधिक राहतो. म्हणूनच ‘वय झाले, धाप लागणारच’ असे म्हणून आमच्या भागात वाया जाणारे महिने मला फार सलतात.

उपचारानंतर ठरावीक काळाने टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावा लागतो. परळीजवळच्या आमच्या गावाहून त्यासाठी म्हाताऱ्या माणसाला पुण्यापर्यंत नेणे अनेकांना झेपत नाही आणि तपासणी राहून जाते. मराठवाड्यातील प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी हृदयरोगतज्ज्ञांकडून ही तपासणी व्हावी, अशी आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, जि. बीड