आई, कॅप्सूल नको, श्वास रोखायची प्रॅक्टिस कर

आई-बाबा, नमस्कार,

बाबा, तुम्ही पाठवलेला डबीचा फोटो बघितला. हळदीचा अर्क, द्राक्षबियांचा अर्क, ग्रीन टी, सगळं एकाच कॅप्सूलमध्ये, आणि खाली मोठ्या अक्षरात ‘रेडिएशनपासून हृदयाचं रक्षण’. आईच्या डाव्या ब्रेस्टच्या कॅन्सरसाठी रेडिएशन होणार, म्हणून तुम्ही काळजीपोटी मागवलंत, कळतं मला. आणि त्यात काहीच तथ्य नाही असंही नाही. डाव्या ब्रेस्टला रेडिएशन देताना थोडा डोस हार्टला लागतो, त्याने फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, तयार होतात, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि पुढे कित्येक वर्षांनी त्रास दिसू शकतो. हळदीतल्या कर्क्युमिनसारख्या अँटीऑक्सिडंट्सनी, म्हणजे फ्री रॅडिकल्सना निकामी करणाऱ्या पदार्थांनी, उंदरांमध्ये हे नुकसान कमी झालेलं दिसलंय, पण माणसांमध्ये अजून सिद्ध झालेलं नाही.

माझी खरी भीती वेगळीच आहे. रेडिएशन कॅन्सरच्या पेशी मारतं तेही बरंचसं याच फ्री रॅडिकल्सच्या जोरावर, मग कॅप्सूल हार्टला वाचवताना त्या पेशींनाही वाचवणार नाही कशावरून? कॅनडात डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या 540 पेशंटवर व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटीनची ट्रायल झाली, 2005 मध्ये रिझल्ट आला, रेडिएशनचा त्रास कमी झाला पण कॅन्सर परत येण्याकडे कल जास्त दिसला. ती व्हिटॅमिनं होती, हळद नव्हे, तरी आईच्या बाबतीत ही रिस्क मला नको.

आई, भाजीतली हळद, आवळा, संत्रं, सगळं खुशाल खा, फक्त अर्काच्या गोळ्या नकोत.

त्यापेक्षा श्वास रोखायची प्रॅक्टिस कर. मोठा श्वास घेऊन रोखला की फुप्फुस फुगतं, हार्ट छातीच्या भिंतीपासून लांब सरकतं आणि डोस कमी लागतो. घरी पलंगावर उताणं झोपून, हात डोक्यावर घेऊन 20 सेकंद जमतंय का बघ, चक्कर आली तर लगेच सोड. स्वीडन-डेन्मार्कच्या बायकांच्या 2013 च्या स्टडीत हार्टचा सरासरी डोस 1 ग्रेने (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) वाढला की हार्टच्या मोठ्या आजारांचं प्रमाण 7.4 टक्क्यांनी वाढतं असं निघालं, म्हणजे थोडा डोस वाचला तरी फायदाच.

बाबा, रेडिएशनच्या आधी प्लॅनिंगसाठी सीटी स्कॅन करतात, त्याला जाल तेव्हा डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराच, इथे श्वास रोखून रेडिएशन देतात का, आणि आईच्या हार्टला सरासरी किती डोस जाणार. कॅप्सूलची डबी पण दाखवा. आणि तिची बीपीची गोळी एक दिवसही चुकू देऊ नका, हार्टसाठी ती फार महत्त्वाची आहे. रात्री फोन करते.

तुमची लेक