टोप्यांच्या संचातला सुईचा नंबर आणि मला मिळालेलं उत्तर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

खानापूर, जि. बेळगाव
दि. 9 जानेवारी

विषय: लोकरीच्या टोप्या विणण्याच्या संचातील चुकीच्या पुस्तिकेबद्दल तक्रार

महोदय,

स. न. वि. वि.

नोव्हेंबरमध्ये मी तुमच्याकडून जनावरांच्या तोंडाच्या टोप्या विणायचे दोन संच मागवले, प्रत्येकी 1,150 रुपयांना. आत लोकर, डोळ्यांसाठी बटणं, शिंगांत भरायचा कापूस आणि एक इंग्रजी पुस्तिका होती. सुया आपल्या आपण घ्यायच्या होत्या. पुस्तिकेत लिहिलं आहे अगदी तसं विणूनही मोठ्या माणसाची टोपी मोठ्या माणसाच्या डोक्यात जात नाही. यासाठी तुमच्याकडे दोनदा फोन केला. दोन्ही वेळा एकच उत्तर मिळालं: "मॅडम, तुमचा हात घट्ट असेल." हे पत्र मी लिहायला बसले ती त्या उत्तरामुळे.

मी 35 वर्षं विणते आहे. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी दोन सुया हातात देऊन सुलट-उलट शिकवलं. तेव्हापासून या घरातल्या प्रत्येक बाळाचं पहिलं कुंची-स्वेटर माझ्या हातचं आहे. माझा हात घट्टही नाही आणि सैलही नाही, हे ज्यांनी ते स्वेटर धुतले आणि धाकट्या भावंडांना घातले, त्यांना विचारा.

आमच्याकडे डिसेंबरअखेर मळणीला सगळं घर गावात जमतं. पहाटे खळ्यावर इतकं धुकं असतं की समोरची भाताची उडवी दिसत नाही. घोंगडी पांघरायला आहे, पण दख्खनी मेंढीची ती राठ लोकर पोरांच्या कपाळाला टोचते, म्हणून टोप्यांना बाजारातली मऊ लोकरच लागते. यंदा साध्या कानटोप्यांऐवजी प्रत्येकाला आपल्या रानातलं एकेक जनावर द्यायचं मी ठरवलं. तुमच्या संचातल्या बैलाचा यजमानांसाठी गवा केला, कपाळावर राखी पट्टा आणि आत वळलेली शिंगं. मुलाला अस्वल. नातीला तुमच्या खारीचं शेकरू, पाठीवर लोंबणाऱ्या झुबकेदार शेपटीसकट. नातवाला मात्र वटवाघूळच हवं होतं. भीमगडच्या जंगलात बारापेडे गुहा आहेत. तिथं जे वटवाघूळ राहतं ते जगात फार थोड्या ठिकाणी सापडतं, आणि त्याचे मोठाले कान पुढे येऊन नाकाच्या वर जुळलेले असतात. हे त्याला शाळेत कळल्यापासून तो दुसरं काही बोलत नव्हता. मग घुबडाच्या टोपीचा घेर तसाच ठेवून कान मी माझ्या मनाने विणले. तुमच्या माणसाने फोनवर "तुम्ही डिझाइन बदललं" असंही म्हटलं, म्हणून स्पष्ट लिहिते: बदल फक्त कानांत, शिंगांत आणि रंगांत आहे. टाके, ओळी, घेर यांत एका टाक्याचाही फरक केलेला नाही.

पहिली टोपी गव्याची. पुस्तिकेत मोठ्या माणसासाठी 90 टाके, 8 नंबरची सुई आणि तयार घेर 50 सेंटिमीटर असं दिलं आहे. यजमानांचं डोकं 57 सेंटिमीटर. विणलेलं ताणतं, तेव्हा 50 ची टोपी नीट बसायला हवी होती. ती झाली जेमतेम 41 ची. पाच-सहा महिन्यांच्या बाळाला होईल एवढी, वर दोन्ही बाजूंना शिंगं. उसवली. पुन्हा विणली, मुद्दाम हात सैल सोडून. 42 झाली. परत उसवली. दोनदा उसवलेली लोकर कुरळी होते, टाका सारखा पडत नाही. ती लडी करून धुवायची, वजन लावून वाळवायची, मगच विणायची. यात मळणीचे चार दिवस गेले. पोरं आली तेव्हा एकही टोपी तयार नव्हती आणि नातू जुना मफलर कानाला गुंडाळून खळ्यावर फिरला.

चूक कुठे आहे ते मला पाहुणे गेल्यावर एका रात्री कळलं. पुस्तिकेत मापं इंचांत आणि वजनं औंसांत आहेत, सेंटिमीटर नुसते कंसात टाकलेत. म्हणजे मजकूर मूळचा अमेरिकेतला. आणि अमेरिकेतली 8 नंबरची सुई 5 मिलिमीटरची असते. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे आहेत. त्यात 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, आणि 5 मिलिमीटर हवी तर 6 नंबर घ्यावा लागतो. दोन्ही नंबर उलट दिशेने चालतात: तिकडे नंबर वाढला की सुई जाड होते, इकडे बारीक. मी 8 नंबरने चौकोनी तुकडा विणून मोजला. 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके, म्हणजे 90 टाक्यांचे 41 सेंटिमीटर. मग 6 नंबरने विणला. 10 सेंटिमीटरमध्ये 18 टाके, म्हणजे बरोबर 50. हात तोच, लोकर तीच. तुमच्या गुंडीवरच्या पट्टीवर 4 मिलिमीटरची सुई छापली आहे, त्यामुळे मला शंका यायला जागाच नव्हती. आणि 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके यावेत, ही एक ओळ पुस्तिकेत कुठेच नाही. ती असती तर पहिल्याच संध्याकाळी मी सुई बदलली असती.

आणखी एक. दोन संचांतली तपकिरी लोकर वेगवेगळ्या रंगणीची आहे. रात्री दिव्याखाली कळत नाही. सकाळी उन्हात अस्वलाच्या माथ्यावर रेघ मारल्यासारखा जोड दिसतो. एकाच वेळी रंगवलेली लोकर ओळखायचा लॉट नंबर गुंडीवर छापलेला नाही. बेळगावला गणपत गल्लीत लोकर घेताना आम्ही बायका आधी लॉट बघतो आणि मग रंग. तुमच्याकडून घरबसल्या मागवणाऱ्याने काय बघायचं?

शेजारच्या अक्कांनीही माझं बघून तुमचा संच मागवला आहे. त्या कन्नडच वाचतात, मी त्यांना पुस्तिका वाचून दाखवते. त्यांच्या 90 टाक्यांची टोपी मी वेळेत थांबवली. पण 8 नंबरची सुई घेऊन बसलेल्या आणि आपलाच हात चुकतोय असं समजून उसवत राहिलेल्या आणखी किती जणी असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही. नव्याने शिकणारी मुलगी दोनदा उसवल्यावर सुया ठेवून देते, पुन्हा उचलत नाही.

म्हणून माझी मागणी अशी. ज्यांनी हा संच घेतला त्या सगळ्यांना सुईचं माप मिलिमीटरमध्ये कळवा, आणि पुढच्या पुस्तिकेत ते टाक्यांच्या मापासह छापा, शक्य असेल तर मराठी आणि कन्नडमध्येही. गुंडीवर लॉट नंबर टाका. दुसऱ्या संचाचे 1,150 रुपये मला परत करा. पहिल्या संचाचे मागत नाही, त्यातली लोकर मी धुऊन पुन्हा विणायला घेतली आहे. आणि "हात घट्ट असेल" हे उत्तर चुकीचं होतं, असं मला लेखी द्या.

15 दिवसांत उत्तर न आल्यास मी बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. 2019 च्या कायद्याप्रमाणे मी राहते तिथेच तक्रार करता येते, तुमच्या शहरात मला यावं लागत नाही.

सोबत पावतीची प्रत, दोन्ही चौकोनी तुकड्यांचे मोजपट्टीसह फोटो आणि पुस्तिकेच्या त्या पानाचा फोटो जोडला आहे. दुसऱ्या संचातल्या तपकिरीच्या दोन गुंड्या न वापरता पट्टीसकट ठेवल्या आहेत. त्या न्यायला माणूस पाठवायचा असेल तर दुपारी तीननंतर पाठवावा, सकाळी आम्ही शेतावर असतो.

आपली ग्राहक
(सही)